पक्कीने न मारलेली गाठ

रद्दीच्या गोदामात गठ्ठे बांधायचं काम दिसायला फार सोपं. वर्तमानपत्रं एकावर एक रचायची, सुतळीचे आडवे-उभे दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि गठ्ठा बाजूला सरकवायचा. पण ते खरंच किती सोपं आहे हे बघायचं असेल, तर काट्यावर बसणाऱ्या कारकुनाने बांधलेला गठ्ठा बघावा. माणूस अगदी सज्जन, अक्षर मोत्यासारखं, पण हातात जोर म्हणून नाही. त्याचा गठ्ठा उचलला की चार पावलांत सुटायचा आणि महिनाभराच्या बातम्या जमिनीवर पसरायच्या. सगळं गोदाम त्याला ढिलेकाका म्हणायचं, तेही तोंडावर, आणि तो हसून ओ द्यायचा.

दुसरं टोक म्हणजे पक्की. हे काही तिचं नाव नव्हे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. गुडघा गठ्ठ्यावर रोवून ती सुतळी एकदाच ओढायची, मनगटाला एक हिसडा द्यायची, की गाठ बसली. मग ती ना नखांनी सुटायची, ना दातांनी, कापावीच लागायची. कागद कारखान्यातले हमाल गठ्ठे उतरवताना नुसती गाठ बघून म्हणायचे, "हा पक्कीचा दिसतोय, सुरी आण."

असा हात असलेली बाई धीट असेल असं कोणालाही वाटेल. छे! पक्की म्हणजे एक नंबरची भित्री. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची. सकाळी सातच्या आत फोन वाजला, तर तो उचलेपर्यंत तिने मनातल्या मनात दोन-तीन नातेवाईक मारलेले असायचे. आणि सापाचं नाव काढलं की तिचे हातपाय गार पडायचे. बाकी सगळ्या भीतींना लोक हसत, सापाच्या भीतीला मात्र कोणी हसत नसे, कारण तिच्या घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे तिचे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच गोदामात गठ्ठे बांधले. लेकीला गाठ शिकवली तीही त्यांनीच. आता वय सत्त्याहत्तर, उजवा पाय गुडघ्याखाली नाही, मुक्काम लेकीकडे, बैठक खिडकीपाशी आणि उद्योग एकच: येईल त्याला आपल्या पायाची गोष्ट सांगायची. गोष्टीत नाग होता. पक्की लहान होती तेव्हा तो काठीएवढा होता. तिच्या लग्नात पाहुण्यांना सांगताना तो दाराएवढा झाला. नातवंडांपर्यंत येईतो त्याचा फणा सुपाएवढा झाला होता आणि तो फुत्कार टाकी तेव्हा गोदामाचे पत्रे थरथरत. "काळ होता काळ," अप्पा शेवटी म्हणायचे. "पोरीनं वेळेवर बांधलं म्हणून पायावर भागलं. नाहीतर आज हा फोटो भिंतीवर असता." आणि स्वतःच्याच छातीवर बोट ठेवायचे.

घडलं होतं ते असं. पक्की तेव्हा अकरा वर्षांची. दुपारचा डबा घेऊन ती गोदामात आली होती. अप्पांनी कोपऱ्यातला गठ्ठा उचलला आणि घोट्याच्या वर त्यांना चावा बसला. पक्कीने पाहिली ती फक्त फटीत शिरणारी शेपटी. अप्पा ओरडले, "बांध! सुतळी घे. गुडघ्याखाली, घट्ट बांध!" पोरीने नुकतीच शिकलेली गाठ बापाच्या पायाला मारली. हिसडा नेमका बसला. आपल्याला गाठ जमली याचा त्या घाबरलेल्या क्षणीसुद्धा तिला आनंद झाला होता, आणि तो आनंद पुढे तिला कधी विसरता आला नाही. बैलगाडी, मग ट्रक, मग रांग असं करत दवाखान्यात पोचायला चार तास गेले. गाठ कोणालाही सुटली नाही. खरं तर कोणी सोडायलाही गेलं नाही. सगळे म्हणत होते, पोरीने काय बांधलंय, वा! आठ दिवसांनी पाय कापला. पक्कीला शाळेत, शेजारात, नात्यात सगळ्यांनी शाबासकी दिली. बापाचा जीव वाचवणारी मुलगी! ती शाबासकी तिला चौतीस वर्षं पुरली.

मग सहा वर्षांपूर्वी सिस्टर आल्या.

गोदामात साप निघायला लागले म्हणून आरोग्य केंद्राने त्यांना माहिती द्यायला पाठवलं होतं. लोक जमले ते चहा-बिस्किटांसाठी. मुकादम पहिल्याच रांगेत बसून घोरत होता. सिस्टर एकेक बोट मोडत सांगत होत्या: बांधायचं नाही, कापायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. सापाच्या मागे लागायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय फळीला लावल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला धीर द्यायचा आणि औषध असेल त्या दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं. मग त्यांनी एक चित्र दाखवलं. दोरीने करकचून बांधलेला पाय होता, खाली काळाठिक्कर पडलेला. "हा सापाने गेलेला नाही," सिस्टर म्हणाल्या, "हा दोरीने गेलाय."

पक्कीच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

त्या आठवड्यात अप्पा झोपलेले असताना तिने त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचा जुना कागद काढला. अप्पांना सहीपुरतं लिहिता यायचं, वाचायच्या नावाने शून्य. पक्कीलाही तो कागद लागेना. तिने तो सिस्टरांकडे नेला. सिस्टरांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, यात लिहिलंय की साप बिनविषारी होता. पाय गेला तो रक्त अडल्यामुळे." पुढे त्या बरंच काही बोलल्या, त्या वेळी सगळे असंच करायचे, तुम्ही लहान होतात, वगैरे. पक्कीला त्यातलं काहीएक ऐकू आलं नाही. तिने कागद होता त्याच घड्यांवर दुमडला आणि पेटीत होता तिथे ठेवून दिला.

त्या दिवसापासून तिला एक नवी भीती लागली, आणि तिच्यापुढे पाल, लिफ्ट, सातच्या आतला फोन हे सगळं पोरखेळ झालं. अप्पांना कळलं तर? कोणी तो कागद वाचून दाखवला तर? म्हातारा ज्या लेकीचं गुणगान गात इतकी वर्षं कुबडी टेकत फिरला, त्याच लेकीने त्याचा चांगला पाय घालवला, हे ऐकून तो तिच्याकडे कसा बघेल? अप्पा पाहुण्यांना गोष्ट सांगायला लागले की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची. पेटीची किल्ली हरवावी असं तिला वाटायचं, पण ती हरवायचं धाडस होत नव्हतं.

आता वन्संकडे येऊ. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. त्याच गोदामात निवडीवर होती. पोत्यांत हात घालून पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा करायची. बाईच्या तोंडाचा पट्टा सकाळी कुलूप उघडल्यापासून जो सुरू व्हायचा तो कुलूप लागेपर्यंत. दोघींमध्ये चार महिने अबोला होता, आणि कारण ऐकाल तर हसाल: कुकरची शिट्टी. वन्संचा कुकर पक्कीने नेला, परत दिला, तर त्याला शिट्टी नव्हती. पक्की म्हणे, नेला तेव्हाच नव्हती. वन्सं म्हणे, मग मी काय तोंडाने शिट्टी वाजवत होते? तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या ढिलेकाकांच्या मार्फत. "काका, सांगा तिला, तिचा पाय माझ्या पोत्यावर आहे." काका बिचारे शब्दन् शब्द सांगायचे.

एका मंगळवारी सकाळी एका बंद पडलेल्या कचेरीतली पोती आली. वन्संने पहिल्या पोत्यात हात घातला, किंचाळली आणि हात झटकत मागे पडली. पोत्यातून काहीतरी सळसळत निघालं आणि लाकडी फळ्यांखाली दिसेनासं झालं.

"साप! साप!"

पंधरा माणसं गठ्ठ्यांच्या उतरंडीवर चढली. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर पोचली ती पक्की. तिथे पत्र्याला डोकं टेकून, डोळे मिटून, ती स्वतःचाच पदर दातांत धरून बसली होती. तिची बोबडी वळली होती. आणि खालून आरडाओरडा ऐकू आला:

"पक्की कुठंय? पक्कीला बोलवा! पक्की बांधेल!"

कोणीतरी सुतळीचं भेंडोळं वर फेकलं. ते बरोबर तिच्या मांडीवर येऊन पडलं.

ती खाली कशी उतरली हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. वन्सं जमिनीवर बसली होती. उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याजवळ दोन टिंबं, आणि भोवतीची जागा आताच फुगायला लागलेली. मुकादम हातात लोखंडी गज घेऊन उभा होता.

"बघतेस काय? दंडाला बांध! लवकर!"

"नाही बांधायचं," पक्की म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिचा तिलाच ऐकू आला नसावा.

"काय?"

"नाही बांधायचं. बांधलं तर हात जातो."

"हात गेला तर गेला! जीव तर राहील!"

हे तर अप्पांचं वाक्य! फक्त पायाच्या जागी हात. तिने सुतळी लांब भिरकावून दिली. आणि भिरकावली त्याच क्षणी तिच्या मनात आलं, आपलं चुकत असलं तर? त्या वेळी साप बिनविषारी होता. हा विषारी असला तर? बांधल्याने विष अडत नाही, नुसतं रक्त अडतं, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. पण सिस्टर कुठे आता इथे होत्या? इथे होती ती तिची नणंद, जिच्याशी ती चार महिने बोलली नव्हती, आणि भोवती पंधरा साक्षीदार. ही मेली तर उभ्या जन्मात कोणी म्हणणार नाही की पक्कीने नियम पाळला. म्हणतील, गाठीत नाव काढलेली बाई शेजारी उभी होती आणि तिने नणंदेला बांधलं नाही.

वन्संने डाव्या हाताने तिचा पदर धरला. "बांध गं वहिनी. अगं, त्या शिट्टीसाठी जीव घेतेस का माझा?"

चार महिन्यांतलं हे तिचं पहिलं थेट वाक्य.

पक्कीला रडू फुटलं. पण रडता रडताच ती वन्संना आडवं करायला लागली. "झोपा. उठायचं नाही, चालायचं नाही. बांधून काही होत नाही, वन्सं. माझ्यावर विश्वास ठेवा." मग ती ओरडली, आणि हा आवाज गोदामाने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, "मुकादम, तो गज खाली ठेवा! एकीला चावला तेवढं पुरे. टेम्पो दारात आणा. कोणीतरी साबण आणा आधी!"

खांबावर सिस्टरांचा नंबर खडूने लिहिलेला होता. दरवर्षी पक्कीच तो गिरवायची. ढिलेकाकांनी फोन लावून तिच्या कानाला धरला, कारण तिचे हात वन्संच्या बांगड्यांत होते. सिस्टर म्हणाल्या, "जवळच्या दवाखान्यात जाऊ नका, तिथं औषध नाही. पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जा, मी त्यांना कळवते. चावल्याची वेळ लिहून ठेवा." बांगड्या निघाल्या. अंगठी निघेना, बोट तोवर सुजलं होतं. साबण चोळून, फिरवत फिरवत, वन्संच्या शिव्या खात तिने ती एकदाची काढली. ढिलेकाकांनी पेनाने वन्संच्या दंडावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: अकरा वाजून दहा मिनिटे.

आता हात स्थिर करायचा होता. फळीची गरजच नव्हती. गोदामात जाडजूड मासिकांना काय तोटा? दोन मासिकं हाताच्या खाली-वर ठेवून पक्कीने कुणाच्या तरी ओढणीच्या फाडलेल्या पट्ट्या गुंडाळल्या. सैल, सैल, असं ती पुटपुटत होती. आणि तिच्या मनगटाने हिसडा दिला.

वन्सं कळवळली. पक्कीने खाली पाहिलं. गाठ बसली होती. नेहमीची, तिची, न सुटणारी.

तिने नखांनी ओढून बघितलं, सुटेना. "सुरी! सुरी द्या!" कोणीतरी गठ्ठे कापायची सुरी दिली, तिने पट्टी कापली. दुसरी घेतली. दात-ओठ खाऊन सावकाश गाठ मारायला गेली, तर बोटं पुन्हा आपल्या वळणावर. चाळीस वर्षं या हातांनी दुसरं काही केलंच नव्हतं. सैल बांधणं त्यांना येतच नव्हतं. तिने दुसरी पट्टी कापली आणि हात मागे घेतले.

"काका, तुम्ही बांधा."

ढिलेकाका दचकले. "मी? अगं, माझी गाठ—"

"तुमचीच पाहिजे. तुमच्यासारखं या गोदामात कोणाला जमत नाही."

एरवी या वाक्यावर पत्रे उडतील असं हसू झालं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तीन गाठी मारल्या, त्यांच्या नेहमीच्या, जीव नसलेल्या. पक्कीने प्रत्येक पट्टीखाली बोट घालून पाहिलं. बोट आरामात जात होतं. मग चौघांनी वन्संना फळीवर घेतलं आणि टेम्पोत ठेवलं.

टेम्पोच्या हौद्यात वर्तमानपत्रांवर वन्सं आडवी, शेजारी पक्की, पायाशी काका. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. चालक हॉर्नवरचा हात काढत नव्हता. वन्सं आधी बोलत होती. मुकादमाला, सापाला, कचेरीवाल्यांना शिव्या घालत होती. तिच्या शिव्या चालू आहेत तोवर सगळं ठीक आहे, असं पक्की मनाला सांगत होती. पुलाच्या मध्यावर शिव्या थांबल्या.

"वन्सं, डोळे उघडा."

"उघडेच तर आहेत," वन्सं म्हणाली. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या.

हा साप खरा होता. सिस्टरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं: आधी पापण्या, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. आणि सुतळीचा एक तुकडा तिथेच, हौद्याच्या कडीला अडकलेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. अजून वेळ गेली नव्हती. एक वेढा, एक हिसडा. निदान नंतर सांगता तरी येईल, मी बांधलं होतं. चौतीस वर्षं शाबासकी खाल्लेल्या बाईला शाबासकीची चव ठाऊक होती. तिने तो तुकडा कडीतून ओढून काढला आणि पुलावरून खाली फेकला.

"वन्सं, ऐकताय ना? शिट्टी माझ्याकडेच आहे हो. गव्हाच्या डब्यात सापडली. दोन महिने झाले. तुम्हाला सांगायची भीती वाटली."

वन्संचे ओठ हलले. जीभ जड झाली होती, शब्द चिखलातून आल्यासारखे आले. "म्ह... म्हणालेच... होते... मी."

तोंडातून लाळ ओघळायला लागली तशी दोघांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं. त्यानंतर ती बोलली नाही. पक्की तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत राहिली, आणि दोन श्वासांच्या मध्ये तिचा स्वतःचाही थांबत होता.

दवाखान्याच्या दारात माणसं तयार होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी दंडावरची वेळ वाचली, मग हात वर-खाली पाहिला. "कुठं बांधलं होतं?"

"नाही बांधलं."

"कापलं, चोखलं?"

"काहीच नाही केलं, डॉक्टर." हे सांगताना पक्कीला कबुली दिल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात वन्संचा श्वास अडकला आणि सगळे धावत आत गेले. दार बंद झालं.

तासाभराने पक्कीचा नवरा आला. तो मालगाडीवर होता, वाटेतून उतरून आला होता. थोरली बहीण म्हणजे त्याची आईच. तिनेच त्याला वाढवलं होतं. आत नळी घालून यंत्रावर श्वास चालू आहे, एवढं ऐकून तो बाकावर बसला.

"तू होतीस ना तिथं? बांधलं होतंस?"

"नाही."

तो मग जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझ्यासारखी गाठ मारणारी बाई तिथं उभी होती, आणि..." पुढचं त्याने गिळलं. त्याने ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं. तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

बंद दाराकडे बघत पक्की बसून राहिली. तिने पाणी घेतलं नाही, कोणाचा फोन घेतला नाही. आपल्या दोन्ही हातांवर बसून राहिली, कारण ते हात राहून राहून पदराच्या टोकाला गाठी मारत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. वन्संचे डोळे उघडे होते. पूर्ण उघडे. नळी निघाली होती, पण घशातून आवाज फुटत नव्हता. हात कोपरापर्यंत सुजून तांबडालाल झाला होता.

"बोटं हलवून दाखवा बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाचही बोटं हलली. हळू, पण पाचही. डॉक्टरीणबाई पक्कीच्या नवऱ्याकडे वळल्या. "विष बरंच गेलं होतं. वेळेत औषध मिळालं म्हणून वाचल्या. आणि घट्ट बांधून आणलं असतं, तर विष अडलं नसतंच, हा हात मात्र बहुतेक गेला असता. यांनी बांधलं नाही, ते फार चांगलं केलं."

पक्की मटकन खाली बसली. नवऱ्याने तिला उठवलं आणि तसाच तिचा दंड धरून उभा राहिला. सोडायचं त्याला सुचलंच नाही. वन्संने बोटाने तिला जवळ बोलावलं, ओठ गोल केले आणि आवाज न काढता शिट्टी वाजवून दाखवली. पक्की रडता रडता हसली.

तीन वाजता ती घरी आली. अप्पा खिडकीपाशी नव्हते. ते दारात उभे होते, कुबडीवर, कधीपासून कोण जाणे. जावयाने फोनवर त्यांना एवढंच सांगितलं होतं, की ताईला साप चावला, पक्की बरोबर आहे. बाकी कोणी काही कळवलं नव्हतं.

"कशी आहे?"

"वाचल्या, अप्पा."

अप्पांनी मान हलवली. पण ते दारातून हलले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या एका हातात घट्ट पकडले.

"बांधलं नाहीस ना, पोरी?"

चाळीस वर्षं ज्या माणसाने दारावर आलेल्या पोस्टमनलाही सांगितलं होतं, पोरीनं बांधलं म्हणून वाचलो, तो आज विचारत होता, बांधलं नाहीस ना. तिने त्यांच्याकडे पाहिलं. सहा वर्षं ती ज्या नजरेला भीत होती ती तिथे नव्हती. तिथे तिच्यासारखाच एक घाबरलेला माणूस उभा होता.

"नाही बांधलं," ती म्हणाली. मग तिने विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"वाचता येत नाही मला, ऐकू तर येतं! डॉक्टर केवढ्यानं बोलला होता तेव्हा. तू बाहेर बाकावर बसली होतीस, डबा मांडीवर घेऊन. तुला ऐकू गेलं असेल का, एवढीच भीती वाटली मला. पायाचं काही नाही वाटलं." ते थांबले. "बांध म्हणून मीच ओरडलो होतो ना. तू अकरा वर्षांची. तू काय करणार?"

"आणि तो नाग? तो सुपाएवढा फणा?"

"तो मोठाच पाहिजे होता. लहान असता तर तू कधीतरी विचारलं असतंस."

पक्की दारातच बसली. अप्पाही कुबडी भिंतीला लावून, चौकटीला धरून, कसेबसे तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले.

"खरा केवढा होता हो?" तिने विचारलं.

अप्पांनी दोन्ही हात वर करून तळवे एकमेकांसमोर धरले. मध्ये जेमतेम वीतभर जागा होती.